पहिल्या रांगेतले फोटोवाले

जरा एक खोली डोळ्यांसमोर आणा. लहानशी, तुमच्या न्हाणीघराएवढी. खिडकी आहे, पण तिच्यावर काळा कागद चिकटवलेला. आता दार लावून घ्या आणि खालच्या फटीत सतरंजी सरकवा, कारण उजेडाची एक चीर जरी आत आली तरी सगळी मेहनत पाण्यात. लावलंत? आता तो लाल दिवा लावा. काही दिसत नाही ना? थांबा थोडं. घाई करणाऱ्याला या खोलीत कधीच काही दिसत नाही.

टेबलावर तीन पसरट थाळ्या आहेत. पहिलीतल्या औषधात एक कोरा पांढरा कागद सोडलाय. चिमट्यानं थाळी अलगद हलवा. बघा, आधी केस आले. मग भुवया. मग कोटाची बटणं. आणि अगदी शेवटी, आता काही येत नाही असं वाटायला लागल्यावर, हसू आलं.

"हसू नेहमी शेवटी येतं," असं फोटोवाले मुंगीला सांगायचे. "म्हणून कागद लवकर उचलायचा नाही."

मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. वय वर्षं आठ. ती कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून निघालेली असायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. ती चावायचीही, पण फक्त शब्दांनी.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे आजच्यासारखं बोट लावून मोकळं होणं नव्हतं. कॅमेऱ्यात रीळ घालायचं, आणि एका रिळात फोटो छत्तीस. सदतिसावा हवा असेल तर दुसरं रीळ. त्यामुळे लोक फोटोसाठी अंघोळ करून यायचे आणि श्वास रोखून उभे राहायचे. फोटोवाल्यांनी पंचवीस वर्षं गावातली लग्नं टिपली होती, आणि त्यांची एक सवय होती. चौतीस फोटो गिऱ्हाइकाचे; शेवटचे दोन स्वतःचे. सगळे जेवायला पांगले, नवरीनं चपला काढून पाय सोडले, नवऱ्यानं कॉलरचं बटण सैल केलं, की हे कुठूनतरी खांबाआडून ते दोन काढायचे. ते फोटो कोणी मागितलेले नसत, म्हणून कोणाला दिलेलेही नसत. ते निगेटिव्हच्या पट्ट्यांवरच, कपाटातल्या बुटांच्या खोक्यांत पडून होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना समोरच्या फुटपाथवर एक नवं दुकान उघडलं. त्याला दर्शनी भागात एवढी मोठी काच होती, की माणूस आत काय चाललंय ते बघायला थांबायचा आणि स्वतःचाच भांग नीट करून आत शिरायचा. मालक पंचविशीतला तरुण, दोन दिवे, उजेड मऊ करायला तीन छत्र्या, आणि फोटो तिसऱ्या दिवशी हातात. गावानं त्याचं नाव ठेवलं काचवाला. त्या हंगामात फोटोवाल्यांच्या वहीतले रविवार एकामागून एक कोरे जाऊ लागले.

अशा वेळी मदतीला धावून येतो तो मेहुणा. फोटोवाल्यांचे मेहुणे परवाना कार्यालयात होते, आणि ते येताना एक छापील अर्ज घेऊनच आले.

"भाऊजी, आमच्याकडे फोटोग्राफरची जागा निघालीय. सरकारी खुर्ची. मागं पांढरी भिंत, पुढं माणूस. नाक मधोमध, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि हसायचं नाही."

"कोणी हसायचं नाही?"

"फोटो काढून घेणाऱ्यानं. तुम्ही हसायला हरकत नसावी, पण तसं नियमात लिहिलेलं नाही."

पंचवीस वर्षं ज्या माणसानं लोकांना हसवण्यात घालवली, त्याला आता हसणाऱ्यांना दटावायची नोकरी! फोटोवाल्यांनी अर्ज खणात टाकला.

"महिनाअखेरीला हंगाम संपतो," ते बायकोला म्हणाले. "तोवर एक लग्न, फक्त एक मिळालं, तर हा अर्ज मी भरणार नाही."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर भरीन."

"भरा. पेन मी देणार नाही," बायको म्हणाली आणि आत गेली.

आता सल्ला. सल्ल्याचं एक बरं असतं, तो मागायला जावं लागत नाही. शेजारचा शिंपी तोंडातल्या टाचण्या न काढता बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमीच टोचरं वाटे. तो म्हणाला, "गिऱ्हाईक दुकानाला बांधलेलं नसतं हो, माणसाला बांधलेलं असतं. माझ्याकडे लोक कपडे शिवायला येतात असं वाटतं तुम्हाला? अहो, त्यांचं पोट वाढलंय हे मी कोणाला सांगत नाही, म्हणून येतात." चष्मेवाल्याचं म्हणणं पडलं की दुकानाला मोठी काच बसवा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिना उतरून आले, खुर्चीवर बसले, चहा झाला, आणि मग म्हणाले, "पत्रव्यवहार! संबंध पत्रव्यवहारानं टिकतात. माझे जुने विद्यार्थी मला अजून पत्रं लिहितात."

"किती जण?" मुंगीनं विचारलं.

"एक," हेडमास्तर म्हणाले. "पण नियमित."

फोटोवाल्यांना ते पटलं. आजवर ज्यांची ज्यांची लग्नं टिपली, त्या प्रत्येकाला लग्नाच्या वाढदिवसाला एक कार्ड पाठवायचं. आणि कार्डावर खोक्यातला तो न दिलेला फोटो चिकटवायचा. कल्पना इतकी साधी होती की तिच्यात काही वाकडं होईल अशी शंकासुद्धा कोणाला आली नाही. मोठी संकटं नेहमी अशीच साधे कपडे घालून येतात.

आठ दिवस लाल दिवा जळत होता. जुन्या नवऱ्या औषधातून वर येत होत्या. आता ज्यांचे केस पांढरे झाले होते ते नवरे खांबाला टेकून जांभया देत होते. एका फोटोत नवरीचे वडील चष्मा पुसत होते, आणि तो पुसून झाला तरी डोळ्यांवर घालत नव्हते. फोटोवाल्यांनी तो कागद चिमट्यानं उचलून वेगळ्या दोरीवर वाळत घातला. "हे गेले गेल्या वर्षी," एवढंच म्हणाले.

पहिल्या महिन्याची एकेचाळीस कार्डं घेऊन बापलेक पोस्टात गेले. खिडकीमागच्या कारकुनानं एक कार्ड उलटंपालटं केलं.

"हे कार्ड नाही."

"मग काय आहे?"

"कार्डाला काही चिकटवलं की ते कार्ड राहत नाही. ते पत्र होतं."

"बरं, पत्र म्हणून घ्या."

"पत्र पाकिटात असतं."

फोटोवाल्यांनी पाकिटं आणली. कारकुनानं विचारलं, "आत सगळ्यांना तोच मजकूर आहे?"

"हो. शुभेच्छा."

"एकच मजकूर एकेचाळीस जणांना म्हणजे छापील साहित्य. छापील साहित्याचं पाकीट उघडं लागतं, आणि आत व्यक्तिगत मजकूर चालत नाही. शुभेच्छा व्यक्तिगत आहेत का?"

फोटोवाले गोंधळले. "मनापासून आहेत," ते म्हणाले.

"मग झालंच. व्यक्तिगत! यासाठी मुख्य कचेरीची परवानगी आणा. अर्जासोबत तीन नमुने पोस्टानं पाठवायचे."

"पण पोस्ट ते घेत नाहीये ना?" मुंगी म्हणाली.

कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हा मुद्दा आजवर कोणी काढला नव्हता. तेवढ्यात त्याची नजर पाकिटात घालायच्या राहिलेल्या गठ्ठ्यातल्या सर्वांत वरच्या कार्डावर पडली आणि तिथंच राहिली. पत्ता त्याच्याच घरचा होता. फोटोत एक किडकिडीत तरुण आपल्या नव्या बायकोला पंख्यानं वारा घालत होता, आणि ती चक्क बसल्या जागी झोपली होती. कारकून खाकरला. त्यानं कार्ड हळूच परत सरकवलं.

"नियमाप्रमाणे," तो जड आवाजात म्हणाला, "हे मला अजून मिळालेलं नाही."

संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर तो स्वतः दुकानात येऊन ते घेऊन गेला. आत कसा शिरला आणि कसा बाहेर पडला, ते कळलंसुद्धा नाही.

मग ठरलं, कार्डं हातानं वाटायची. सायकलच्या दांड्यावर मुंगी, हँडलला पिशवी, आणि मागं पायडल मारणारे फोटोवाले. पहिल्या दिवशी नऊ घरं झाली. आता तुम्हीच हिशेब करा: नऊ घरी नऊ कप चहा, आणि नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. दहाव्या घरी फोटोवाले दारातूनच कार्ड देऊन जे सुटले, ते थेट आपल्या घरच्या मोरीत थांबले.

पण कार्डांनी खरी आग लावली ती निराळीच. बायका कार्ड बघायच्या, डोळे पुसायच्या, आणि मग नवऱ्याकडे वळायच्या.

"बघा! फोटोवाल्याला आठवतं. तुम्हाला आठवलं का?"

आठवड्याभरात गावातले पाच नवरे एकत्र येऊन दुकानात हजर झाले. त्यांचा म्होरक्या औषधांच्या दुकानाचा मालक होता. "अहो, आम्ही तुमचं काय वाईट केलंय?" तो म्हणाला. "बावीस वर्षं मी विसरत होतो, आणि बावीस वर्षं घरात शांतता होती. तिलाही तारीख आठवत नव्हती!"

शेवटी तडजोड झाली. कार्ड द्यायच्या आदल्या दिवशी फोटोवाल्यांनी नवऱ्याला गुपचूप सांगायचं. म्हणजे आता एका कार्डाला दोन खेपा. एका नवऱ्यानं तर गजरा की साडी हेसुद्धा फोटोवाल्यांनाच विचारलं, आणि साडी पसंत पडली नाही तेव्हा बायकोला त्यांचंच नाव सांगितलं.

गोष्टी अशाच वाढतात बघा. एका घरात फोटो बघून बायकोनं हट्ट धरला की नवऱ्यानं मिशा काढाव्यात, कारण फोटोत त्या नव्हत्या. नवरा म्हणाला, फोटोत तुझी आईही नव्हती. हा तंटा मिटवायला भाऊ हवेत. भाऊ म्हणजे आपले फोटोवाले. दुसऱ्या घरी माळ्यावरून ट्रंक काढायची होती, शिडी धरायला भाऊ. तिसऱ्या घरी मुलाला गणितात नापास केलं, शाळेत भेटायला वडील जायला लाजतात, भाऊंना पाठवा. भाऊ गेले. मास्तरांनी त्यांनाच वडील समजून अर्धा तास झापलं, आणि भाऊंनी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण मधे बोलणं बरं दिसलं नसतं.

"चाळीस घरांचे भाऊ झालात," बायको एकदा म्हणाली, "आणि आपल्या घरचा नळ महिना झाला गळतोय."

"संबंध जुळतायत," फोटोवाले म्हणाले.

"आणि लग्नं?"

"ती येतील. माणसं जोडली की कामं आपोआप येतात."

"तोंडानं मागितल्याशिवाय?"

"अगं, मी काय दारोदार फिरणारी बोहारीण आहे का? संबंध म्हणजे काय, तर मागावं लागू नये!"

मुंगी कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत होती. "मग पाणी प्यायला हवं असलं की मी मागते ते चुकीचं आहे का?" तिनं विचारलं. मोठ्या माणसांना ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, तो प्रश्न त्यांना ऐकूच येत नाही. हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

महिनाअखेर जवळ आली तशी सगळी आशा एका घरावर येऊन बसली. बँकेतल्या ताई. चोवीस वर्षांपूर्वी फोटोवाल्यांनी टिपलेलं सगळ्यांत पहिल्या लग्नांपैकी एक लग्न त्यांचं, आणि आता त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरात नवऱ्याची एक म्हातारी आत्या होती. ती कुठल्याच फोटोत हसत नाही म्हणून प्रसिद्ध होती. पण छत्तिसाव्या फोटोत ती कवळी हातात धरून खदाखदा हसत होती. ते कार्ड पोचलं तेव्हा आत्यानं ते उशीखाली ठेवलं आणि फोटोवाल्यांना बजावलं, "दर आठवड्याला येत जा रे. या घरात माझ्याशी सगळे कामापुरतंच बोलतात." ते जायचे. आत्या त्यांना तीच गोष्ट दर वेळी सांगायची आणि ते दर वेळी शेवट माहीत नसल्यासारखे ऐकायचे.

एका दुपारी ताई स्वतः लग्नाची पत्रिका घेऊन दुकानात आल्या. फोटोवाल्यांनी खुर्ची पुसली. मुंगीनं वही उघडून शेवटचा रविवार काढून ठेवला. शिंप्याचं मशीन थांबलं, कारण त्यालाही ऐकायचं होतं.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "तुम्ही आता काही परके नाही. आमच्या घरचेच झालात."

"अहो, कसचं!"

"नाही, खरंच. म्हणून मी यांना ठणकावून सांगितलं, घरच्या माणसाला लग्नात राबवायचं नाही! तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, पोटभर जेवायचं, मजा करायची. फोटोला आम्ही त्या काचवाल्याला सांगून टाकलंय."

पलीकडे शिंप्याच्या तोंडातून टाचणी पडल्याचा आवाज ऐकू आला.

"वा," फोटोवाले म्हणाले. "वा! फार छान केलंत." आणि त्यांनी ताईंना चौकापर्यंत पोचवलं, इतकंच नाही तर रिक्षाही करून दिली. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या चार दिवसांत आणखी दोन घरच्या माणसांनी तेच केलं. एकानं तर काचवाल्याचं काम चांगलं आहे का, हेही त्यांनाच विचारलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

त्या रविवारी सकाळी खणातला अर्ज बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो कार्यालयात द्यायचा होता. बायकोनं म्हटल्याप्रमाणे पेन दिलं नाही, म्हणून फोटोवाल्यांनी तो शिंप्याच्या खडूसारख्या बोथट पेन्सिलीनं भरला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मुंगीचा हात धरून लग्नाला गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते खांद्यावर काही न घेता लग्नाच्या हॉलमध्ये शिरत होते. एक खांदा वर, एक खाली, असे ते चालत होते, आणि लोक विचारत होते, "भाऊ, मान आखडली का?"

पहिल्या रांगेत ते बसले खरे, पण हातांचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. ते मांडीवर ठेवले, खिशात घातले, पाठीमागे बांधले. काचवाला समोर धावपळ करत होता. एक दिवा गरम होऊन बंद पडला, तो वायर जोडायला वाकला, आणि नेमक्या त्याच क्षणी नवरीनं बापाच्या कॉलरवरचा एक केस काढून फुंकरीनं उडवला. फोटोवाल्यांचं उजवं बोट गुडघ्यावर दाबलं गेलं. नवऱ्यानं कोणी बघत नाही असं बघून बूट सैल केला. बोट दाबलं गेलं. ताई दाराआड एक मिनिट एकट्याच उभ्या राहिल्या. बोट.

"बाबा," मुंगी कानात म्हणाली, "छत्तीस झाले. रीळ संपलं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना हसू आलं, आणि ते पुरतं यायच्या आतच विरलं. "मुंगे, उद्यापासून तुझे बाबा कान मोजणार," ते म्हणाले.

मग घरच्यांच्या मोठ्या फोटोची वेळ झाली. "भाऊ कुठायत? भाऊंना बोलवा!" असा पुकारा झाला, आणि दोघांनी दोन दंडांना धरून त्यांना ओळीत नेऊन उभं केलं, थेट आत्याच्या खुर्चीशेजारी. काचवाला कॅमेऱ्याच्या तिपाईमागे उभा राहिला. सकाळपासून राबून त्याचा चेहरा उतरला होता.

"सगळ्यांनी इकडे बघा. हसा."

कोणी हसेना. नवऱ्याकडचे नवरीकडच्यांना ओळखत नव्हते, काका पोट आत ओढून जांभळे पडले होते, आणि आत्यानं तर तोंडच भिंतीकडे फिरवलं होतं.

"आत्या, पुढं बघा ना," ताई म्हणाल्या.

"कोणाकडे बघू? तो कोण पोरगा आहे?"

"फोटो काढणारा आहे, आत्या."

"मी त्याला ओळखत नाही. अनोळखी माणसापुढं दात कशाला काढू? आपला फोटोवाला कुठं गेला?"

"हे काय, तुमच्या शेजारीच उभे आहेत की!"

आत्यानं मान वळवून त्यांना आपादमस्तक पाहिलं. "हा इथं उभा आहे," ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तर मग फोटो कोण काढतंय? अक्कल कुठं गेली तुमची सगळ्यांची?"

ताईंनी जीभ चावली. बोलून दाखवलं नाही, पण आपण प्रेमानं काय करून बसलो ते त्यांना तेव्हा समजलं. "भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हीच काढता का?"

ऐका आता, इथं फोटोवाल्यांनी काय केलं. महिनाभर ज्या शब्दांसाठी त्यांनी सायकल हाकली, शिड्या धरल्या, परक्या मुलाच्या गणितासाठी बोलणी खाल्ली, ते शब्द समोर आले, आणि ते म्हणाले, "छे छे! त्यांचं काम आहे ते. एकाच्या हातातलं काम दुसऱ्यानं घ्यायचं नसतं."

बरोबरच होतं त्यांचं. तिपाईमागे काचवाला मान खाली घालून उभा होता. पुढे यावं की निघून जावं, त्याला कळत नव्हतं. आत्या पुढं बघेना, भाऊ जागचे हलेनात. चाळीस माणसं नटूनथटून तशीच ताटकळली.

तेव्हा मुंगी उठली. ती सरळ काचवाल्यापाशी गेली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"तुम्ही या," ती म्हणाली. तो बिचारा आला. तिनं त्याला आत्याच्या खुर्चीशेजारी उभं केलं, आपल्या बाबांचा हात धरून त्यांना ओळीबाहेर ओढलं, आणि म्हणाली, "आता हे घरचे. आणि बाबा, तुम्ही त्यांच्या जागेवर. जागा रिकामी राहिली तर फोटोत वाईट दिसतं."

आत्यानं त्या परक्या पोराकडे बघितलं. "जेवलास का रे सकाळपासून?"

"नाही," तो म्हणाला.

"मग आधी फोटो, मग लगेच जेवण. माझ्या शेजारी बसायचं." आणि तिनं त्याचा हात जो धरला तो सोडलाच नाही.

फोटोवाले कॅमेऱ्यामागे गेले. खांदे आपोआप सरळ झाले. "काका, श्वास सोडा, पोट आता तुमचं नाही, गावाचं आहे. दादा, मिशा गेल्या वाटतं? म्हणजे घरात कोण जिंकलं ते दिसलं. औषधवाले, उद्या वहिनींचा वाढदिवस, लक्षात आहे ना? नाही? मग फोटोत बायकोपासून जरा लांब उभे राहा." ओळीतले बरेच नातलग कार्डं पोचलेल्या घरांतलेच होते; एकेकाचं गुपित त्यांना ठाऊक होतं, आणि एकेकाला नेमकं कुठं हसू येतं तेही. ओळीच्या एका टोकाला हसू फुटलं आणि पसरत पसरत दुसऱ्या टोकाला पोचलं. नवऱ्याकडचे नवरीकडच्यांच्या खांद्यावर रेलले. पण त्यांनी बटण दाबलं नाही. ते थांबले. कागद लवकर उचलत नाहीत, तसे. आणि सगळ्यांत शेवटी, कवळी सावरत, आत्या हसली. तेव्हा त्यांनी दाबलं.

त्या फोटोत मधोमध एक तरुण आहे, जो त्या घरचा कोणीच लागत नाही, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसतोय. कोणी पुसलं तर आत्या सांगायची, "आमचाच आहे."

फोटो झाला आणि ओळ मोडली. गर्दीतून नवऱ्याची मावशी वाट काढत आली. तिचे डोळे हसून हसून ओले झाले होते.

"भाऊ, काय माणूस आहात हो तुम्ही! असं कुठल्याच लग्नात हसलो नाही आम्ही. आमच्या धाकट्याचं लग्न आहे पुढच्या हंगामात. तुम्ही यायचंच. अगदी घरच्यासारखे या. पहिल्या रांगेत बसा, कॅमेराबिमेरा काही आणू नका!"

फोटोवाल्यांनी नम्रपणे मान झुकवली. "वा," ते म्हणाले. "जरूर, फार छान—"

"नाही येणार," मुंगी म्हणाली.

मावशी खाली बघू लागली. फोटोवाल्यांचे कान पुन्हा लाल झाले. "मुंगे!"

"पाहुणे म्हणून बोलावलंत तर नाही येणार," मुंगी म्हणाली. "फोटो काढायला बोलावलंत तर दोघेही येतील, तो दादा आणि बाबा. दादा दिवे लावील आणि बाबा हसवतील. जेवतीलही, पण नंतर." मग तिनं टाचा उंचावून मावशीच्या नवऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं, आपला डावा तळवा पसरला आणि म्हणाली,

"तारीख सांगा."